नौकाविहार उत्तम, सांडवा नापास

लहान मातीच्या धरणाच्या जलाशयावर चालणाऱ्या एका नौकाविहार केंद्राला मी कुटुंबासह महिन्याभराच्या अंतराने दोनदा भेट दिली. त्या दोन भेटींवर हा अभिप्राय आधारलेला आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटींविषयी लिहायचे आहे त्या या एकाच केंद्राच्या नाहीत. धरणाचे पाणी विरंगुळ्यासाठी वापरणाऱ्या कोणत्याही ठिकाणी त्या आढळू शकतात, आणि वाचकाला त्या स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता याव्यात एवढीच माझी अपेक्षा आहे. मातीच्या धरणांच्या देखभालीशी माझा काही वर्षे कामानिमित्त संबंध आला असल्यामुळे सहलीला गेल्यावरही माझी नजर आधी बोटींकडे जात नाही, सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेकडे, जाते. घरच्यांना ही सवय फारशी आवडत नाही.

प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर धरणाची माहिती लिहिलेली आहे, ही पहिली चांगली गोष्ट, कारण बहुतेक ठिकाणी असा फलक नसतो. त्यानुसार धरणाची उंची ११ मीटर, साठवण सुमारे ६ लाख घनमीटर, पाण्याचा पसारा सुमारे १४ हेक्टर, सांडव्याची लांबी २० मीटर आणि सांडव्याच्या उंबऱ्यापासून धरणाच्या माथ्यापर्यंतची उंची दीड मीटर आहे. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण मोठे समजले जाते. ५ ते १५ मीटर उंचीचे धरण मोठ्यांत तेव्हाच मोजले जाते, जेव्हा त्याची साठवण ३० लाख घनमीटरांहून अधिक असते. म्हणजे हे धरण लहानच ठरते. लहान ठरण्याचा व्यावहारिक परिणाम असा होतो की नियमित तपासणी, उपकरणे आणि जबाबदार अभियंता या तिन्ही बाबतींत त्याच्या वाट्याला बहुधा उरलेसुरलेच येते, आणि मग धरणाकडे रोज पाहणारी माणसे म्हणजे बोटवाले, माळी आणि चहा देणारे एवढीच राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी बोटींपुरती राहत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो.

आधी जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगतो. बोटींची अवस्था उत्तम आहे. पॅडल बोटी, दोन वल्हवायच्या होड्या आणि एक मोटारबोट असा ताफा असून प्रत्येक बोटीवर किती माणसे बसतील हे ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. आमच्या डोळ्यांदेखत पाच जणांच्या एका गटाला चार जणांच्या बोटीत बसू दिले नाही, आणि गटातील वडीलधाऱ्याने आवाज चढवल्यावरही कर्मचारी जागचा हलला नाही. लाइफ जॅकेट सर्वांना सक्तीचे आहे. मी जॅकेटाच्या आतल्या बाजूची पट्टी वाचली, तेव्हा जॅकेट १०० न्यूटन श्रेणीचे, म्हणजे माणसाला तेवढ्या बळाने वर उचलून धरणारे, निघाले. ५० न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्याला तरंगण्यास मदत करण्यापुरते असते, तर शांत पाण्यावर, पोहता न येणाऱ्यांसाठी निदान १०० न्यूटनचे हवे. हा फरक खरेदी करताना कोणीतरी लक्षात घेतलेला दिसतो. लहान मुलांच्या जॅकेटांना दोन पायांमधून जाणारा पट्टा होता आणि तो कर्मचाऱ्याने स्वतः बसवून दिला. हा पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडताच जॅकेट वर सरकते आणि मूल खाली जाते.

बोटीत बसण्यापूर्वी पाच मिनिटांची सूचना दिली जाते आणि ती खरोखर ऐकण्यासारखी आहे. सांडव्यापासून आणि पाणी सोडण्याच्या विहिरीपासून ५० मीटरच्या आत कोणी जाऊ नये म्हणून नारंगी तरंगत्या पिंपांची रांग बांधलेली आहे, आणि ती का बांधली आहे हेही सांगितले जाते. विमोचक, म्हणजे तळ्यातले पाणी खाली सोडण्याची वाट, उघडा असताना विहिरीच्या तोंडाशी पाण्याची ओढ वरून दिसत नाही. पृष्ठभाग शांत असतो, पण खालची जाळी माणसाचा पाय किंवा कपडा धरून ठेवू शकते, आणि त्या खोलीवर पाण्याचा दाब इतका असतो की दोघा-तिघांनी ओढूनही माणूस सुटत नाही. सांडव्यावरून पाणी पडत असताना त्याच्या पायथ्याशी जो भोवरा आडवा फिरत राहतो, तो याहूनही फसवा असतो. तेथे पडलेली वस्तू पुढे वाहून जात नाही, ती पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचली जाते. वाचवायला उतरलेलाही त्यातच सापडतो. पोहण्यासाठी वेगळा, दोरीने आखलेला उथळ भाग आहे, तेथे जीवरक्षक उभा असतो, आणि वरचे पाणी कोमट लागले तरी तीन-चार मीटर खालचे पाणी एकदम गार असू शकते, तेव्हा सूर मारू नका, हे सांगायलाही तो विसरला नाही. पाण्यावर हिरवी साय दिसल्यास पोहणे बंद ठेवण्याचा नियम फलकावर आहे. अशा सायीत विषारी निळी-हिरवी शेवाळे असू शकतात, म्हणून हा नियम योग्यच आहे.

एवढे सगळे पाहिल्यावर कोणीही पाचपैकी पाच तारे देऊन घरी गेला असता. मी सांडव्याकडे गेलो.

सांडवा म्हणजे धरणाची सुटकेची वाट. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहणे हे त्याला सोसत नाही. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून काही काळ पाणी गेले तर ते बहुधा टिकते, पण मातीचा भराव खालच्या उतारावरून खरवडला जाऊ लागला की एकदा पडलेली घळ स्वतःच स्वतःला रुंद करत जाते आणि काही तासांत, कधी त्याहूनही कमी वेळात, धरण फुटते. म्हणून येणारा पूर माथ्याला न शिवता बाजूने निघून जावा यासाठी सांडवा ठेवतात, आणि त्याच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोकळी राखतात. या केंद्राच्या सांडव्यात मला दोन गोष्टी दिसल्या. उंबऱ्यावर लोखंडी खुंट्या रोवून त्यांत लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या, आणि फळ्यांच्या पुढे बारीक छिद्रांचे नायलॉनचे जाळे ताणलेले होते. चौकशी केल्यावर कळले की फळ्यांमुळे तळ्याची पातळी ४० सेंटिमीटरने उंच राहते, त्यामुळे बोटींचा तरंगता धक्का वर्षातले अधिक महिने वापरता येतो आणि काठावरचा चिखल झाकला जातो. जाळे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेले होते, कारण गळ टाकून मासे पकडणे हाही केंद्राचा एक उपक्रम आहे.

व्यवस्थापकांनी मला शांतपणे समजावले की दीड मीटरपैकी चाळीस सेंटिमीटरच तर वापरले आहेत, अजून एक मीटरहून अधिक उंची शिल्लक आहे. हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो आणि नेमका म्हणूनच घातक आहे. सांडव्यातून जाणारे पाणी उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत किंवा घटत नाही, ते उंचीच्या दीड घाताच्या (म्हणजे उंची गुणिले तिचे वर्गमूळ) प्रमाणात बदलते. रुंद उंबऱ्याच्या साध्या सांडव्यासाठी ढोबळ सूत्र असे आहे की उंबऱ्यावरील पाण्याच्या खोलीचा दीड घात घ्यावा, त्याला लांबीने गुणावे आणि पुन्हा १.७ ने गुणावे. समजा, अर्धा मीटर लाटांसाठी सोडून एक मीटर खोलीने पूर काढायचा असे मूळ आराखड्यात ठरले होते. तर २० मीटर लांबीचा हा सांडवा सेकंदाला ३४ घनमीटर पाणी वाहून नेऊ शकतो. फळ्या जागेवर राहिल्या तर त्याच पूर पातळीला पाण्याची खोली ६० सेंटिमीटरच उरते, आणि हिशेब १६ घनमीटरांपाशी थांबतो. म्हणजे उंचीचा दोन-पंचमांश भाग घेतला आणि क्षमता निम्म्याहून खाली गेली. ती पुन्हा ३४ वर न्यायची तर तळ्याने माथ्यापासून अवघ्या १० सेंटिमीटरवर चढायला हवे, आणि वारा सुटलेल्या दिवशी १४ हेक्टरच्या तळ्यावर तेवढी लाट सहज उठते. पुरात वाहून येणारा पालापाचोळा जाळ्यावर अडकून बसला तर हे १६ घनमीटरही कागदावरच राहतील.

पूर आला की आम्ही फळ्या काढतो, असे मला सांगण्यात आले. पण पूर रात्रीही येतो, फळ्यांवर पाण्याचा दाब असताना त्या खुंट्यांतून निघत नाहीत, आणि त्या काढण्यासाठी माणसाने सांडव्यातच उतरावे लागते. शिवाय फळ्या दाबाखाली एकदम मोडल्या तर वर साठलेले सुमारे ५६ हजार घनमीटर पाणी उशिरा आणि अवेळी खाली सुटते, तेही खालच्या वाटेवर कोणी उभे असेल अशा घडीला. तसे पाहता फळ्या हा काही कोणा एकाच्या डोक्यातून निघालेला नवा शोध नाही. ज्यांना पाणी अधिक हवे असते, त्यांना जगभर हाच उपाय सुचतो.

या प्रसंगी १८८९ ची जॉन्सटाउनची दुर्घटना आठवल्याशिवाय राहत नाही, कारण ते धरणही विरंगुळ्यासाठीच वापरात होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क येथील सुमारे २२ मीटर उंचीचे मातीचे धरण धनिकांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबच्या ताब्यात होते. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्या क्लबचे सभासद होते. पाणी खाली सोडण्याचे नळ आधीच्या मालकाच्या काळात काढले गेले होते आणि क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत, त्यामुळे तळे गरजेनुसार उतरवण्याचा मार्गच उरला नव्हता. माथ्यावरून घोडागाड्या सहज जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला गेला. विकत आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या गेल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसानंतर जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून मध्यभागी वाहू लागले आणि दुपारी धरण फुटले. सुमारे २३ किलोमीटर खाली असलेल्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यातील २,२०० हून अधिक माणसे मरण पावली. आमच्या केंद्राचे धरण त्याच्या निम्म्या उंचीचे आहे आणि खाली एवढे मोठे गाव नाही, हा फरक मी मानतो. पण मासे, जाळे, सहलीची सोय आणि अडवलेला सांडवा ही साखळी मात्र कडी न् कडी जुळते.

माथ्याचेच पुढे सांगतो. या धरणाचा माथा संध्याकाळी फिरण्याचा मार्ग म्हणून वापरला जातो, आणि कडेला लावलेल्या दिव्यांमुळे तो सुंदर दिसतो. मातीच्या धरणाचा माथा चालण्यासाठी वापरण्यात तत्त्वतः काही गैर नाही. उलट रोज वावर असला तर भेग, खचलेली जागा किंवा नवे बीळ लवकर लक्षात येते. पण लोक चालतात ती रेघ नेहमी मधोमधच असते. तेथील गवत आणि मुरूम झिजून एक उथळ पन्हळ तयार झाली आहे आणि धरणाच्या मध्यभागी, जेथे भराव सर्वात उंच असतो आणि म्हणून सर्वात जास्त बसतोही, तेथे माथा टोकांच्या मानाने हाताच्या वितीच्या निम्म्याएवढा तरी खाली दिसतो. वर केलेल्या हिशेबात लाटांसाठी उरलेले १० सेंटिमीटर इथेच संपले. बांधताना मध्यभागी थोडी उंची जास्त ठेवतात ती याच खचण्याच्या भरपाईसाठी, आणि माथ्यावरचे पावसाचे पाणी तळ्याकडे निघून जावे असा उतारही देतात. येथे पन्हळीत साचलेले पाणी खालच्या उतारावर दोन ठिकाणी फुटून निघाले आहे आणि तेथे हातभर खोल घळी पडल्या आहेत. दुरुस्ती अवघड नाही. मुरूम टाकून, दाबून, पातळी लावून घ्यायची आणि चालण्याच्या पट्ट्यावर खडीचा थर द्यायचा, एवढेच काम आहे.

वरच्या बाजूला, म्हणजे तळ्याकडच्या उतारावर, दगडी अस्तर आहे आणि ते बऱ्यापैकी शाबूत आहे. मोटारबोट मात्र माणसे खूश करण्यासाठी धरणाच्या अगदी जवळून वेगाने वळवली जाते. तिच्या लाटा नेहमी एकाच पातळीवर आपटतात, आणि तळ्याची पातळी फळ्यांमुळे महिनोन्महिने एकाच रेषेवर राहत असल्यामुळे त्या रेषेवरचे दगड सैल होऊन खालची माती धुपू लागली आहे. धरणापासून काही अंतरापर्यंत बोट संथ चालवण्याचा नियम केला तर एवढे थांबेल.

खालच्या उतारावर केंद्राने सावलीसाठी झाडे लावली आहेत, आणि ती आता सात-आठ वर्षांची झाली असावीत. धरणाच्या अंगावर झाड नको, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, कारण झाडाने माती धरून ठेवली जाते असे शाळेत शिकवलेले असते. गवताने ती धरली जाते हे खरे. झाडाची मुळे मात्र ओलाव्याच्या शोधात भरावात खोल जातात, झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी नळीसारखी वाट उरते, आणि वादळात झाड उन्मळले तर भरावाचा लचकाच घेऊन जाते. शिवाय दाट झाडोऱ्यात बिळे आणि ओल्या जागा दिसत नाहीत. मोठे झाड मुळांसकट न काढता नुसते बुंध्याशी तोडणे हाही उपाय नव्हे, कारण कुजणारी मुळे आतच राहतात. ही झाडे जाणत्याच्या सल्ल्याने, खड्डे योग्य मातीने दाबून भरत, टप्प्याटप्प्याने काढावी लागतील आणि नवी झाडे पायथ्यापासून दूर लावावी लागतील.

आता पायथा. मला सर्वात जास्त अस्वस्थ केले ते येथील बांधकामाने. कोणत्याही मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. आतल्या चिकणमातीच्या गाभ्यातून वेळ घेत आलेले पाणी गाळणीच्या थरातून खाली उतरते आणि पायथ्याच्या मोकळ्या दगडांतून, म्हणजे रॉक टोमधून, बाहेर पडते. पाण्याला वाट मिळावी आणि मातीला मिळू नये, एवढे साधण्यासाठी ही रचना असते. केंद्राने या दगडांवर सिमेंट ओतून पायऱ्यांची बैठक केली आहे, संध्याकाळी तेथे गाण्याचे कार्यक्रम होतात. बैठकीसाठी पायथ्याचा काही भाग कापलाही आहे. दगडांची तोंडे बंद झाली की पाझराचे पाणी भरावात साचून वर चढते, उतार ओला आणि जड होतो, आणि ज्या पायथ्याच्या वजनावर तो उतार टेकलेला असतो तोच कापलेला असल्यामुळे घसरणीला मोकळे रान मिळते. पहिल्या भेटीत बैठकीच्या तिसऱ्या पायरीच्या सांध्यातून पाणी झिरपत होते आणि तेथे हिरवे शेवाळ धरलेले होते. पाणी स्वच्छ होते, हा त्यातला दिलासा. गढूळ पाझर म्हणजे आतून माती वाहून येत असल्याची खूण. ती दिसली तर नोंद करत बसायचे नसते, माणसे हलवायची असतात आणि तळे उतरवण्याची तयारी करायची असते.

पाझर मोजण्यासाठी पायथ्याशी कोणे एके काळी बांधलेले व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच, हेही येथे आहे, आणि ते बहुतेक लहान धरणांना नसते. ९० अंशांच्या अशा खाचेतून पाणी ५ सेंटिमीटर उंचीने वाहत असेल तर प्रवाह सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास असतो, आणि उंची दुप्पट होऊन १० सेंटिमीटर झाली तर तो सुमारे ४.४ लिटर होतो, म्हणजे जवळपास पावणेसहा पट. पट्टी लावून दिवसातून एकदा वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि तळ्याची पातळी तीच असताना पाझर वाढला तर धरणाच्या आत काहीतरी बदलले हे कोणत्याही महागड्या उपकरणाशिवाय समजते. केंद्राने या खाचेच्या पुढे बांध घालून शोभेचे कुंड केले आहे आणि त्यात रंगीत मासे सोडले आहेत. खाच मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंनी बुडालेली असल्यामुळे तिच्या मापाला काही अर्थ उरलेला नाही. माझ्या नातवाला ते मासे फार आवडले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

भरावातून जाणारा विमोचकाचा नळ ही मातीच्या धरणातली नाजूक जागा असते, कारण नळाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही आणि नळाचा सांधा गळू लागला तर बाहेर न दिसता आतली माती धुतली जाते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा विमोचकाची कामेच अपुरी होती, हे आपल्याकडच्या वाचकांना माहीत आहे. पण लहान धरणासाठी अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातले आहे. तेथील लॉन लेक हे अवघे ८ मीटर उंचीचे, १९०३ मध्ये बांधलेले मातीचे धरण १५ जुलै १९८२ च्या सकाळी फुटले. नळ आणि झडप यांच्या जोडातील शिशाचे भरण झिजून गळती झाली आणि तिने भराव आतून पोखरला. बाहेर पडलेले पाणी सुमारे ८ लाख ३० हजार घनमीटर होते, म्हणजे आमच्या केंद्राच्या तळ्याहून फार जास्त नव्हे. तीन माणसे मेली आणि तिघेही खाली नदीकाठी तंबू ठोकून राहिलेले सहलकरी होते. या केंद्रात विमोचकाच्या विहिरीला कुलूप आहे, पण तिची झडप शेवटी कधी उघडून पाहिली हे तेथे कोणालाच सांगता आले नाही. गंजून बसलेली झडप असली काय आणि नसली काय. निकड आल्यावर तळे खाली करता येणार नाही. उलट ती अचानक पूर्ण उघडून तळे झपाट्याने उतरवले तरी धोका आहे, कारण पाण्याचा आधार गेला तरी भिजलेल्या उतारातले पाणी तितक्या वेगाने निघत नाही आणि तळ्याकडचा उतार खाली घसरू शकतो. तळे दिवसांच्या हिशेबाने उतरवायचे असते, तासांच्या नव्हे.

तंबूंची जागा केंद्राने धरणाच्या खाली, ओढ्याच्या दोन्ही काठांवर, पायथ्यापासून शे-दीडशे पावलांवर निवडली आहे. ती गार आहे, हिरवी आहे आणि रात्री तेथून सांडव्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो, अशी जाहिरात आहे. तंबू तळ्याच्या काठावर, पूर पातळीच्या वर सहज बसले असते. तेथे मोकळी जागा आहे आणि दृश्यही अधिक चांगले आहे. वादळी वाऱ्यात बोटी परत बोलावण्यासाठी केंद्राकडे भोंगा आहे, तळ्यावरील कर्मचाऱ्यांकडे वॉकीटॉकी आहे, पण धरणाला काही झाले तर तंबूतल्या माणसांना कोणी, कसे आणि कोणत्या वाटेने उठवून न्यायचे याचा कागद नाही. असा कागद दोन पानांचा असतो. तळ्याची पातळी अमुक खुणेवर आली की रात्रपाळी सुरू करायची, तमुक खुणेवर आली की तंबू रिकामे करायचे, गढूळ पाझर किंवा नवी भेग दिसली की कोणाला फोन करायचा, आणि चढाची वाट कोणती, एवढेच त्यात असावे लागते. पातळीच्या खुणा तर सांडव्याच्या भिंतीवर रंगवलेल्या आहेतच, त्या कोणी वाचत नाही इतकेच.

पहिल्या भेटीनंतर मी व्यवस्थापकांना हे सारे छायाचित्रांसह लेखी कळवले. त्यांनी चार दिवसांत उत्तर दिले, त्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, आणि महिन्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मासे अडवणारे जाळे सांडव्यातून काढलेले होते. खालच्या उतारावरच्या दोन्ही घळी मुरूम टाकून बुजवल्या होत्या, मात्र नुसत्या वरून बुजवल्या होत्या, दाबलेल्या नव्हत्या. शोभेचे कुंड जसेच्या तसे होते. फळ्यांविषयी त्यांनी सांगितले की धरण ज्यांच्या मालकीचे आहे त्यांच्याशी झालेल्या करारात केंद्राला ठरावीक पातळीचे पाणी मिळेल असे लिहिलेले आहे, आणि फळ्या काढल्या तर तरंगता धक्का चिखलात टेकेल. धक्क्याला दोन जादा तरंगते पिंप आणि लांब फळकूट जोडले तर तो खालच्या पातळीवरही चालेल, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. ते म्हणाले, पुढच्या हंगामात पाहू.

ज्यांना दिवसभरासाठी जायचे आहे त्यांनी जरूर जावे, कोरड्या दिवसांत जावे आणि बोटीत बसावे. तेथील माणसे आपले काम जाणतात. मुलांना सांडव्याच्या कोरड्या उतारावर खेळू देऊ नये, कारण तो शेवाळाने निसरडा असतो आणि फळ्यांमागे पाणी अडवलेले असते. पायऱ्यांच्या बैठकीवर बसायचे असेल तर आधी तिसऱ्या पायरीकडे पाहावे आणि तेथून येणारे पाणी गढूळ दिसले तर गाणे अर्धे टाकून वर यावे. तारे द्यायचे झाले तर बोटी आणि पाण्यावरील सुरक्षिततेसाठी पाचपैकी साडेचार, धरणाच्या देखभालीसाठी दीड, आणि त्यातला अर्धा तारा काढलेल्या जाळ्याबद्दल.

आम्ही पुढच्या महिन्यातील एका रात्रीसाठी तंबू राखून ठेवला होता, तो दुसऱ्या भेटीच्या शेवटी रद्द केला. अर्जात कारणासाठी एकच ओळ मोकळी होती. तेथे मी ‘सांडव्यातील फळ्या’ एवढे लिहिले, आणि खिडकीपलीकडच्या मुलीने ते दोनदा वाचून कागद व्यवस्थापकांच्या खणात ठेवला.